सोफ्याचं पोट

गणपती गेले की उलव्यात सोफे रस्त्यावर येतात. इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांसमोर, फुटपाथवर, कधी बांधकामाच्या पत्र्यांच्या आडोशाला ते उलटे पडलेले असतात. पाय वर, पोट फाडलेलं, आतलं गोणपाट लोंबणारं. शेजारी फोमचे पिवळे पडलेले तुकडे, उपटलेल्या पिनांचा ढीग, कॉम्प्रेसरची घरघर आणि शिलाई मशीनवर वाकलेला कारागीर. दसऱ्यापर्यंत कापड पसंत करायचं आणि धनत्रयोदशीच्या आत सोफा घरात हवा, ही बहुतेक गिऱ्हाइकांची अट. रंगकाम, पडदे आणि सोफा ही दिवाळीआधीची ठरलेली कामं. त्यातलं सोफ्याचं काम सगळ्यात कमी माहितीवर केलं जातं. भिंतीचा रंग डोळ्यांना दिसतो, पडद्याचं कापड हाताला लागतं. सोफ्याचे पैसे मात्र आत जातात, आणि आत काय गेलं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

उलवे गाव जुनं आणि शहर नवं. पनवेल तालुक्यातल्या या पट्ट्यात उलवे, वहाळ, बामणडोंगरी, गव्हाण, शेलघर ही आगरी-कोळ्यांची गावं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. सिडकोने आखलेल्या उलवे नोडच्या इमारती अलीकडच्या. ११ नोव्हेंबर २०१८ ला बामणडोंगरी आणि खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी रेल्वे पुढे उरणला पोचली. ८ ऑक्टोबर २०२५ ला शेजारच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. इतक्या नव्या वस्तीत जुन्या खुर्च्या-सोफ्यांचा धंदा चालावा, याचं आधी नवल वाटतं. पण इमारत सात वर्षांची आणि दिवाणखान्यातला सोफा पस्तीस-चाळीस वर्षांचा, ही इथली नेहमीची गोष्ट आहे. गिरगाव-लालबागच्या चाळीतून, डोंबिवली-ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांतून माणसं इथे आली, ती वडिलांनी घेतलेलं सागाचं फर्निचर टेम्पोत घालूनच.

दुसरा ओघ याच मातीतला. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा अशा दहा गावांना आपली जागा सोडावी लागली, उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट झाला, नदीचा प्रवाह वळवला गेला. घर उठतं तेव्हा भिंती मागे राहतात. झोपाळा, लाकडी बाक, दिवाण, हाताच्या खुर्च्या बरोबर नेता येतात आणि नव्या घरात त्यांना जागा करून द्यावी लागते.

तिसरं कारण अकरा महिन्यांचं. उलव्यात भाड्याने राहणारं कुटुंब करार संपला की सेक्टर बदलतं, आणि प्रत्येक बदलात सोफा एकदा जिन्यात अडकतो, एकदा लिफ्टच्या दारात आपटतो, एकदा टेम्पोच्या फाळक्याला घासतो. सोफा बसून जितका झिजतो त्याच्या दुप्पट तो हलवताना झिजतो, असं म्हटलं तर कारागीर हरकत घेणार नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या सोफ्यांचे हात हललेले असतात, मागचा पाय सुटलेला असतो. कापड मात्र पुष्कळदा धड असतं.

आता एक सोफा उघडून बघू. साधाच, थ्री प्लस वन प्लस वन या आपल्या घरोघरच्या मापातला, सागाच्या चौकटीचा.

कारागीर आधी तो उलटा करतो. तळाला काळं पातळ कापड पिनांनी ठोकलेलं असतं. ते धुळीसाठी असतं आणि आतलं लपवण्यासाठीही. पिना उपटायला चपट्या टोकाचा पेचकस आणि पक्कड. घाई केली तर पिनेचा एक पाय लाकडातच तुटून राहतो आणि पुढे नव्या कापडाला भोक पाडतो. म्हणून हे कंटाळवाणं काम जो नीट करतो, त्याचं पुढचं कामही नीट असतं. जुन्या सोफ्यात पिनांऐवजी चुका निघतात. हवेच्या दाबावर चालणारी गन आली त्याआधीचे कारागीर मूठभर चुका तोंडात धरायचे आणि एकेक जिभेनं पुढे करून हातोडीखाली आणायचे.

काळं कापड निघालं की पट्ट्या दिसतात. तागाच्या किंवा रबरी पट्ट्या उभ्या-आडव्या विणलेल्या, आणि त्यांच्यावर स्प्रिंगा. स्प्रिंगांचे दोन प्रकार. नागमोडी तारेच्या झिगझॅग स्प्रिंगा फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला ताणलेल्या असतात. जुन्या, भारी सोफ्यात गुंडाळीच्या उभ्या स्प्रिंगा असतात. बैठकीत स्प्रिंगा घालण्याची कल्पना युरोपात १८२० च्या दशकात रुळू लागली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. या उभ्या स्प्रिंगा सुटवंग राहून चालत नाही. प्रत्येक स्प्रिंग सुतळीनं शेजारणीला आणि फ्रेमला बांधावी लागते. उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या रेघांनी मिळून आठ दिशांनी. एका बैठकीला या गाठी मारण्यातच तास-दोन तास जातात. सुतळी कुजली की स्प्रिंगा वाकड्या होतात आणि बसणाऱ्याला वाटतं, सोफा बसला. खरं तर स्प्रिंग पोलादाची, तिला काहीच झालेलं नसतं. सुतळी बदलायची, स्प्रिंगचा गंज घासून काढायचा, पुन्हा बांधायची, की ती आणखी वीस वर्षं काढते.

स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर नारळाचा काथ्या, त्यावर कापूस आणि मग कापड. हा फोमच्या आधीचा थर. विलायती सोफ्यांत काथ्याच्या जागी घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस निघतात. काथ्या पिंजून, उन्हात वाळवून परत वापरता येतो. उलव्यात असा सोफा आला तर तो सहसा मुंबईच्या एखाद्या जुन्या घरातला असतो आणि त्याच्या पोटातला काथ्या नवख्या कारागिराला कचरा वाटतो. तो काढून फेकला जातो, त्याजागी फोम बसतो, आणि मूळ बैठकीचा उंच, गोलसर आकार कायमचा जातो. गिऱ्हाइकानं त्या वेळी जवळ उभं राहायला हवं.

सगळ्यात शेवटी उरतो सांगाडा, आणि दुरुस्त करायचं की मोडीत द्यायचं याचा निवाडा तिथे होतो. साग किंवा शिसम असेल, खाच पाडून कुसू बसवलेला सांधा असेल, तर सोफा कितीही भिकार दिसो, तो ठेवण्याच्या लायकीचा आहे. जुन्या सांध्यात सरस असतो. उष्णता आणि ओलाव्यानं तो मऊ होतो, म्हणून सांधा न मोडता उघडता येतो, साफ करून परत चिकटवता येतो. जुना सरस खरवडल्याशिवाय वरून नवा गोंद ओतला तर तो लाकडात शिरतच नाही. आणि हलणाऱ्या सांध्यात खिळा ठोकणं ही दुरुस्तीतली सगळ्यात वाईट खोड. त्या दिवसापुरता सांधा घट्ट होतो आणि वर्षभरात कुसू चिरतं.

स्वस्त नव्या सोफ्यात काय निघतं हेही इथेच कळतं. उलव्यापासून न्हावा-शेवाचं बंदर हाकेच्या अंतरावर. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात परदेशी माल लाकडी खोक्यांतून आणि पॅलेटवरून उतरतो, आणि त्यांची पाइनची फळकुटं पुढे फर्निचरच्या धंद्यात खपतात. आलिशान कापडाचा सोफा फाडला की आतल्या पट्टीवर गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं आणि एचटी असा शिक्का दिसतो तो यामुळे. लाकडी वेष्टनातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमानं मारलेला हा शिक्का. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसची उष्णता सलग ३० मिनिटं दिलेली. एमबी असेल तर ते मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं लाकूड, आणि ते माणसं बसण्याच्या वस्तूत येता कामा नये. पाइन स्वतः वाईट नाही. पण खोक्यासाठी कापलेली, गाठींची, पातळ फळी चार माणसांचं वजन रोज झेलेल ही अपेक्षा चूक आहे.

फोमचं शास्त्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथे होते.

पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये तयार केला. त्याचा मऊ फोम बाजारात आला १९५० च्या दशकात. त्याआधीच्या गुबगुबीत गाद्या रबराच्या चिकाच्या असत. डनलॉप कंपनीनं त्या १९२९ च्या सुमारास काढल्या आणि आपल्याकडे कुठल्याही स्पंजला डनलॉप म्हणायची पद्धत पडली ती अजून गेलेली नाही. आजचा फोम डेन्सिटीवर विकला जातो. २८, ३२, ४० हे आकडे म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची सर्रास गल्लत होते. कडक फोम हलकाही असू शकतो. तो दुकानात दाबून बघताना मजबूत वाटतो आणि सहा महिन्यांत मधोमध खड्डा पडतो. बैठकीला निदान ३२, रोजच्या वापराच्या सोफ्याला ४०, पाठीला हलका फोम चालतो.

दिलेला फोम बोललेल्या डेन्सिटीचा आहे का, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि पाच इंच जाड तुकडा घ्यावा. तो ४० चा असेल तर वजन जवळपास १ किलो ९०० ग्रॅम भरतं, ३२ चा असेल तर दीड किलो, २८ चा असेल तर १ किलो ३०० ग्रॅम. गादीचे दोन तुकडे एकाच मापाचे आणि वजनात पाव किलोचा फरक, तर विचारणा करायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. काही फोममध्ये वजन वाढवण्यासाठी खडूसारखी पावडर मिसळतात. त्यासाठी दुसरी चाचणी. कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडायचा. चांगला फोम लगेच उभा राहतो, भेसळीचा रेंगाळतो आणि हाताला पीठ लागतं.

फोमची दुसरी बाजू आगीची. ८ मे १९७९ ला इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ दुकानात फर्निचरच्या विभागात आग लागली आणि दहा माणसं गेली. फोम पेटल्यावर निघणारा दाट विषारी धूर किती झपाट्यानं पसरतो, हे त्या आगीत दिसलं. त्यानंतर झालेल्या लढ्यातून १९८८ मध्ये ब्रिटननं घरगुती फर्निचरच्या फोम आणि कापडासाठी आगीचे कडक नियम केले. आपल्याकडे दिवाळीच्या रात्री सोफ्याशेजारी पणती ठेवताना हे आठवणीत असलेलं बरं.

उलव्याच्या हवेचा विषय निघाला की कारागीर एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, लेदरेटकडे. तीन बाजूंनी खाडी, खाजण आणि पाणथळ, चार महिने धो धो पाऊस, घरं दिवसभर बंद. अशा दमट हवेत चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाची साल निघू लागते. आधी डोकं टेकतं तिथे, मग हातावर, आणि काळे-तपकिरी पापुद्रे घरभर. हा वापराचा दोष नसतो. या कापडावरचा पॉलियुरेथेनचा पातळ थर हवेतल्या बाष्पानं हळूहळू विघटित होतो, सोफा न वापरता झाकून ठेवला तरी होतो. आपण ज्याला जुनं रेक्झिन म्हणतो, ते पीव्हीसीचं. त्याचं दुखणं वेगळं. ते वर्षांनी कडक होऊन चिरतं, पण पापुद्रे सोडत नाही. समुद्राजवळच्या गावात राहणाऱ्यानं लेदरेट टाळावं. घट्ट विणीचं सुती-मिश्र कापड, जूटसारखं दिसणारं पॉलिस्टर किंवा चांगली टेपेस्ट्री बरी. मखमल दिसते देखणी, पण बुरशी तिच्यातच आधी धरते. खोळीला चेन लावून घ्यावी म्हणजे ती काढून धुता येईल. ही एवढी सूचना बहुतेक गिऱ्हाइकं द्यायला विसरतात.

मराठी घरात खुर्ची आणि सोफा फार जुने नाहीत. वाड्यांतली बैठक जमिनीवरची. गादी, लोड, तक्के, वर पांढरी चादर. गाद्या पिंजायला पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा. कोकणात माजघरातला झोपाळा आणि ओटीवरचा बाक, एवढंच उंच आसन. खुर्ची आली ती कचेरी आणि शाळेतून.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत मात्र एक वेगळंच फर्निचर घडू लागलं. शिसमाच्या काळ्याभोर लाकडात जाळीदार कोरीव काम, वेली, फळं, सिंहाचे पंजे. इंग्रज त्याला बॉम्बे ब्लॅकवुड म्हणत. कोटातल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर मार्गावर, त्याची दुकानं होती. आकार विलायती, हात देशी. पारशी घरांत हे सोफे आणि खुर्च्या अजून सापडतात, आणि घर मोडलं की चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात येतात. पुढे १९३० च्या दशकात आर्ट डेको आलं. नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेनं आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं, त्यात नव्या फ्लॅटमधल्या नव्या बैठकीचा नमुना मध्यमवर्गानं पाहिला. कोपरे गोल, हात रुंद, पाय बुटके. आपल्या आजोबांच्या सोफ्यांचा घाट पुष्कळदा तिथला आहे.

इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची तर प्रत्येक मुंबईकरानं अनुभवलेली. तिचा मूळ नमुना मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये केला. बीच लाकडाच्या दांड्या वाफेनं मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायच्या. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुटे केलेले छत्तीस खुर्च्यांचे भाग एक घनमीटरच्या पेटीत मावत, म्हणून ती जहाजानं जगभर गेली आणि १९३० पर्यंत सुमारे पाच कोटी खपली. १९०४ चं कयानी, १९२३ चं ब्रिटानिया, अशा जागांनी त्या घाटाच्या खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या. एवढ्या राबत्याला त्या टिकल्या, कारण त्या खोलता येतात. ढिला झालेला स्क्रू आवळायचा, मोडलेला एकच भाग बदलायचा. दुरुस्ती होऊ शकेल अशी वस्तू घडवणं हीच खरी कारागिरी, असं ती खुर्ची बघून ठामपणे म्हणता येतं.

तिच्या बैठकीत असतो वेत. आणि वेताची बैठक विणणं हे या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात नजाकतीचं काम आहे, हे उलव्यात वेताची खुर्ची दुरुस्तीला देऊ पाहणाऱ्याला लगेच कळतं. विणणारा सहज सापडत नाही.

चौकटीला कडेनं छिद्रं पाडलेली असतात. वेताच्या सालीची चपटी, गुळगुळीत पट्टी पाण्यात भिजवून मऊ करायची, फार भिजली तर ती काळी पडते. पहिला थर मागून पुढे, उभा. दुसरा त्यावर आडवा. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच्या किंचित उजवीकडे. चौथा आडवा, पण आता तो खालून-वरून गुंफायचा. इथे चौकोनी घरं तयार होतात. पाचवा आणि सहावा थर तिरपे, एकमेकांना छेदणारे. तिरपी पट्टी एका थराच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून सरकली पाहिजे. ती चुकली तर अडकते आणि पुढे कापली जाते. बरोबर असेल तर बोटाखाली अलगद धावते. शेवटी कडेनं जाड पट्टी बांधून छिद्रं झाकायची. सुकताना वेत आवळतो आणि बैठक टणटणीत होते. त्यावर बोटानं टिचकी मारली तर आवाज येतो.

पट्टी बरोबर बसली की नाही हे बोटांना कळतं, डोळ्यांची गरज कमी लागते. म्हणून भारतभरच्या अंधशाळांत वेतकाम हा रोजगाराचा पहिला विषय राहिला. सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणण्याचं काम अंध कारागिरांना द्यावं, असं केंद्र सरकारचं धोरण होतं. मग कचेऱ्यांत प्लॅस्टिकचा वेत आला, त्यामागून फोम आणि चाकांच्या खुर्च्या आल्या, आणि ते काम आटलं. वेतही महाग झाला. जगात सगळ्यात जास्त वेत पिकवणाऱ्या इंडोनेशियानं २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. आज मशीनवर विणलेली वेताची तयार जाळी मिळते. चौकटीला खोबण असेल तर ती बसवणं सोपं. पण छिद्रांच्या खुर्चीवर जाळी खिळ्यांनी ठोकून देणं म्हणजे खुर्चीचं नुकसान करणं.

जुन्या खुर्चीची किंमत न कळल्यानं काय होतं, त्याचं मोठं उदाहरण चंदीगडचं आहे. १९५१ पासून तिथे राहिलेल्या वास्तुविशारद पिएर जानरे यांनी भारतीय सहकाऱ्यांसह नव्या राजधानीच्या कचेऱ्यांसाठी सागाच्या आणि वेताच्या खुर्च्या घडवल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्चीवर ढीग घालून ठेवल्या गेल्या, भंगारात लिलावानं गेल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, सांधे घट्ट केले, वेत नव्यानं विणला, आणि परदेशी लिलावांत त्या हजारो डॉलरला विकल्या गेल्या. केंद्रीय गृहमंत्रालयानं २०११ मध्ये या फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली तोवर पुष्कळ माल गेला होता. जे काम चंदीगडच्याच सुतारांना देता आलं असतं, त्याचा मोबदला दुसऱ्या खंडात गेला.

याच्या उलट टोकाला आहे एका साच्यातली प्लॅस्टिकची खुर्ची. फ्रान्समध्ये आँरी मासोने यांनी १९७२ मध्ये केलेल्या खुर्चीपासून तिचा प्रसार सुरू झाला. उलव्याच्या गावठाणांत हळदीच्या मांडवात त्याच रचलेल्या असतात. हलक्या, धुता येण्याजोग्या, गरिबालाही परवडणाऱ्या, हे तिचे गुण नाकारता येत नाहीत. पण पाय तडकला की तिला काहीही करता येत नाही. पार्टिकल बोर्डच्या सोफ्याचं तसंच. पाणी लागलं की भुसा फुगतो आणि स्क्रू धरत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबानुसार त्या देशात २०१८ या एका वर्षात १ कोटी २१ लाख टन फर्निचर टाकून दिलं गेलं आणि त्यातलं ८० टक्के थेट जमिनीत पुरलं गेलं. आपणही त्याच रस्त्याला लागलो आहोत. उलव्यात कचराकुंड्यांशेजारी टाकलेले सोफे त्याची साक्ष देतात. पावसात भिजलेला फोम भंगारवालाही उचलत नाही.

लाकडाच्या पॉलिशबद्दल एक कळकळीची सूचना. जुनं सागाचं किंवा शिसमाचं फर्निचर चकचकीत करून द्या, असं सांगू नये. जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवलेलं. ते खराब झालं तर स्पिरिटनंच मऊ होतं आणि त्याच्यावर नवा हात देता येतो. मशीननं घासून त्यावर पीयू किंवा मेलामाइनचा थर दिला की कोरीव कामाच्या कडा झिजतात, वर्षांनुवर्षांचा मुरलेला रंग जातो आणि तो थर पुढे काढायचा तर पुन्हा लाकूडच घासावं लागतं. संग्रहालयांत काम करणारे तज्ज्ञ जी गोष्ट पुन्हा काढता येईल तीच वापरतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार याच शिस्तीनं झाला आणि त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. घरात जवसाचं तेल लावणाऱ्यांनी एक जपावं. तेलात भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर तो आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतो. तो पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून टाकावा.

आणि किडीचं काय? खुर्चीखाली पिठासारखा बारीक भुसा सांडलेला दिसला तर आत भुंगेरा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. आंबा आणि रबरवुड तो आवडीनं खातो. अशा खुर्चीवर आधी औषध, मग कापड. उलट क्रमानं केलं तर नव्या कापडातून भोकं पडतात.

या कामाला माणूस कसा लागतो बघा. सांधे जुळवण्यापुरता सुतार, खोळ बेतून पायपिंग घालण्यापुरता शिंपी, काथ्या आणि पट्ट्या विणण्यापुरता विणकर. उलव्यात ही तिन्ही कामं एकच माणूस करतो. मुंबई परिसरातल्या या धंद्यात उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कारागीर मोठ्या संख्येनं आहेत. उस्तादाच्या हाताखाली राहून, पिना उपटण्यापासून सुरुवात करून ते शिकलेले असतात. दर सीटच्या हिशेबानं ठरतो, कापड मीटरवर, आणि घासाघीस होते ती नेमकी कारागिराच्या मजुरीवर. ज्या घरात कापडाला मीटरमागे दोनशे रुपये जास्त द्यायला कुणी कां-कूं करत नाही, त्याच घरात स्प्रिंगा आठ दिशांनी बांधायचे पैसे मागितले तर भुवया उंचावतात.

केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. हातानं आणि अवजारांनी काम करणाऱ्या अठरा व्यवसायांची यादी तिच्यात आहे. सुतार आहे, शिंपी आहे, टोपल्या-चटया-झाडू करणारा आणि काथ्या विणणारा आहे, लोहार, कुंभार, चांभार, गवंडी, जाळी विणणारा सगळे आहेत. त्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख रुपयांचं कर्ज मिळतं. सोफा-खुर्चीची गादी भरणाऱ्या कारागिराचं नाव त्या यादीत नाही. तिघांचं काम एका हातानं करणारा माणूस तिन्ही खणांच्या मध्ये राहून गेला. उलव्यातही तेच. सिडकोच्या नकाशात दुकानं आहेत, बँका, शाळा, उद्यानं आहेत, पण उलटा सोफा ठेवून आठवडाभर काम करता येईल अशी जागा नाही. म्हणून तो फुटपाथवर बसतो, पाऊस आला की ताडपत्री ओढतो आणि कारवाईची गाडी आली की दुसऱ्याचं फर्निचर उचलून पळतो. विमानतळामुळे या भागात हॉटेलं, कचेऱ्या, प्रतीक्षागृहं वाढणार. त्या सगळ्यांतल्या हजारो आसनांची देखभाल कुणीतरी करणार आहे. ती कामं इथल्या आगरी-कोळी तरुणांनी शिकून घ्यावीत, ज्येष्ठ कारागिरांनी ती शिकवावीत आणि सिडकोनं त्यासाठी चार गाळे राखून ठेवावेत, ही मागणी अवाजवी नाही.

वाचकानं स्वतः करण्यासारखंही आहे. यंदा सोफा दुरुस्तीला देण्याआधी दोघांनी धरून तो उलटा करावा, काळं कापड एका कोपऱ्यात उचकटून आतलं लाकूड, सांधे, पट्ट्या बघाव्यात. फोम डेन्सिटीसकट बिलावर लिहून घ्यावा आणि आल्यावर वजन करावं. काथ्या किंवा उभ्या स्प्रिंगा निघाल्या तर त्या परत बसवायला सांगाव्यात. आणि कापडाचं बजेट थोडं कमी करून ते पैसे आतल्या कामाच्या मजुरीत घालावेत.

काम मात्र दिवाळीच्या तोंडावर देऊ नये. श्रावणात दिलं तर कारागिराला वेळ मिळतो.